गाण्याचा सातबारा

गेल्या अनंत चतुर्दशीला आम्ही माध्यम-अभ्यासाच्या वर्गातले चौघं जण रात्रभर लक्ष्मी रोडवर उभे होतो. वर्गासाठी बारा मिनिटांचा माहितीपट करायचा होता आणि आम्ही विषय घेतला होता मिरवणूक बघायला येणारे लोक. मूर्ती, रथ, मंडळं बाजूला ठेवून फक्त बघणारे. पहाटे तीनच्या सुमारास एक आजी भेटल्या. पन्नासेक वर्षं न चुकता येतात म्हणाल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी जे वाक्य टाकलं त्याने आमचा अख्खा माहितीपट उभा राहिला. "पूर्वी आम्ही बघायला यायचो, आता हे सगळे दाखवायला येतात," असं म्हणून त्यांनी समोरच्या हात उंचावलेल्या, मोबाइल धरलेल्या गर्दीकडे बोट दाखवलं.

माहितीपट एका व्हिडिओ-प्लॅटफॉर्मवर चढवला आणि चहा येईपर्यंत मेल आला. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं आहे, तेवढा भाग मूक केला आहे. आजी बोलत होत्या तेव्हा मागून जाणाऱ्या स्पीकरच्या भिंतीवर एक चित्रपटगीत दणाणत होतं. गाण्याबरोबर आजींचाही आवाज गेला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

त्या दिवसापासून मी कॉपीराइट हा प्रकार समजून घेण्याच्या मागे लागलो. हाती जे लागलं ते इथे मांडतो आहे. मी वकील नाही, परीक्षेत या विषयाला मला मध्यमच गुण होते. पण ज्याचा आवाज एकदा गेला आहे तो जरा लक्ष देऊन वाचतो.

आधी मुळाक्षरं

कॉपीराइट, सरकारी मराठीत स्वामित्व हक्क, म्हणजे एखादी निर्मिती छापणं, तिच्या प्रती काढणं, ती लोकांना ऐकवणं-दाखवणं, तिचं भाषांतर किंवा रूपांतर करणं, हे कोणी करायचं ते ठरवण्याचा हक्क. आपल्याकडे यासाठी १९५७ चा कायदा आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, त्यातली २०१२ ची मोठी.

हा हक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. "गावाकडचा मुलगा शहरात येतो आणि हरवतो" ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. ती ज्या शब्दांत, ज्या प्रसंगांत, ज्या चित्रांत उतरली ती मांडणी मात्र मालकीची. भेळ करायची कल्पना सगळ्यांची, पण गाडीवरच्या प्लेटीतली भेळ ज्याने पैसे दिले त्याची. (ही उपमा आमच्या सरांना पटली नव्हती, मला अजूनही पटते.)

हक्कासाठी नोंदणी लागत नाही. तुम्ही कविता लिहिली की त्याच क्षणी ती तुमची. नोंदणी केली तर भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढंच. लेखकाच्या बाबतीत हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपत आला, तेव्हा धावपळ करून सगळ्यांसाठीच दहा वर्षं वाढवली गेली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतो. पुस्तकांच्या दुकानात 'श्यामची आई' वेगवेगळ्या प्रकाशकांची, वेगवेगळ्या किमतीला मिळते त्यामागे हे आहे.

गाणं एक, हिस्सेदार अनेक

आता गाण्याकडे येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांची कॉपीराइटशी पहिली टक्कर गाण्यावरूनच होते.

गावाकडच्या जमिनीचा सातबारा कधी पाहिला असेल तर एक गोष्ट माहीत असते. शेत एकच दिसतं, पण उताऱ्यावर चार भावांची नावं, एखाद्या आत्याचा हिस्सा आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुळाची किंवा बँकेच्या कर्जाची नोंद. गाण्याचंही तसंच. शब्द गीतकाराचे, ही एक मालकी. चाल संगीतकाराची, ही दुसरी. स्टुडिओत मुद्रित झालेलं ध्वनिमुद्रण हे कायद्याने स्वतंत्र अपत्य आणि ते ज्याने पैसे घालून करवलं त्या निर्मात्याचं किंवा कंपनीचं. गायक-वादक 'इतर हक्क'मध्ये. त्यांना कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे आणि तो ५० वर्षांचा.

चित्रपटसृष्टीत अनेक वर्षं असं चालायचं की निर्माता गीतकार-संगीतकाराकडून सगळं एकदाच लिहून घ्यायचा. पुढे गाणं लग्नात वाजो, रेडिओवर वाजो की फोनची रिंगटोन होवो, लिहिणाऱ्याच्या हाती काही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने यात बदल केला. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं ते सोडून बाकीच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला आता लिहून देऊन टाकताच येत नाही. सही केली तरी तो हक्क जात नाही. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या दुरुस्तीसाठी त्यांनी जोर लावला होता.

ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० साली निघालेली रेकॉर्ड २०२१ पासून मोकळी झाली. पण तिचा संगीतकार त्यानंतर चाळीस वर्षं जगला असेल तर चाल अजून बांधलेलीच आहे. एका भावाने हिस्सा सोडला म्हणून शेत विकता येत नाही, तसं.

मंडळाला चालतं, मग मला का नाही?

हा माझा पहिला प्रश्न होता आणि थोडा रागाचाही. भिंत लावली मंडळाने, गाणं वाजवलं मंडळाने, आवाज मात्र माझा बंद.

कायद्याच्या ५२ व्या कलमात अपवादांची लांबलचक यादी आहे. ती मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तर आवडीने, कारण तिच्यात आपला देश दिसतो. त्यातला एक अपवाद असा की खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवणं म्हणजे हक्कभंग नव्हे. आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभही धरले आहेत. वरातीची सोय करून ठेवणारा कायदा मला एकदम घरचा वाटला.

पण 'लग्नाशी जोडलेले समारंभ' म्हणजे कुठवर? हळद? संगीत? पंचतारांकित हॉटेलातली पार्टी? गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की अशा समारंभातल्या गाण्यांसाठी हॉटेलांनी किंवा हक्क-संस्थांनी पैशांचा आग्रह धरू नये. संगीत कंपन्यांच्या बाजूने याला आव्हान दिलं गेलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. वादाचं मूळ तिथेच आहे, मिटलेलं नाही.

विसर्जनाची मिरवणूक हा धार्मिक विधी आहे असं मंडळ म्हणू शकतं. मी मात्र तो विधी करत नव्हतो. मी तो चित्रित करून जगभर दाखवत होतो आणि हा वेगळा वापर. देवळातला प्रसाद हातावर घेऊन खाणं आणि तोच डब्यात भरून दुकानात मांडणं, यात जो फरक आहे तो.

याच कलमात मला आणखी एक गंमत सापडली. चित्रपटात पार्श्वभूमीला सहज आलेलं चित्र किंवा शिल्प चालतं, त्याची सूट स्पष्ट लिहून दिली आहे. म्हणजे आजींच्या मागे दिसणारा देखावा, भिंतीवरचं चित्र, चौकातला पुतळा, सगळं निर्धोक. सहज कानावर पडलेल्या गाण्यासाठी मात्र अशी ओळ नाही. डोळ्याला माफी आहे, कानाला नाही. आपल्या रस्त्यांवर जिथे पाच मिनिटं गाण्यावाचून जात नाहीत, तिथे माहितीपट करणाऱ्याने काय करावं याचा विचार १९५७ साली कुणी केला नसणार, पण नंतरही केला गेला नाही.

"पण तीस सेकंदांपर्यंत चालतं ना?"

हे वाक्य मी वर्गात, कॅन्टीनमध्ये आणि एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून ऐकलं आहे. कुणी तीस सेकंद म्हणतं, कुणी दहा, कुणी "सात सूर बदलले की झालं". आपल्या कायद्यात सेकंदांचा असा आकडा कुठेही नाही.

आहे ती 'रास्त वापरा'ची कसोटी. खाजगी वापर किंवा अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन या कामांसाठी गरजेपुरता भाग घेता येतो. किती घेतला, कशासाठी घेतला, तुमच्या तुकड्यामुळे मूळ वस्तूचं गिऱ्हाईक तुटतं का, हे बघितलं जातं. चित्रपटाची समीक्षा करताना एक प्रसंग दाखवणं वेगळं आणि समीक्षेच्या नावाखाली अर्धा चित्रपट दाखवणं वेगळं.

२०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण निकाली निघालं. वृत्तवाहिनीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात एका गायिकेने आपणच गायलेल्या गाण्यांच्या काही ओळी गुणगुणल्या. त्यावर कंपनीने दावा लावला. न्यायालयाने म्हटलं की ही बाब इतकी क्षुल्लक आहे की कायद्याने तिची दखल घ्यायचं कारण नाही. मला यातून धीर आला. पण हा धीर न्यायालयापर्यंत पोचणाऱ्याला कामाचा. माझा व्हिडिओ न्यायालयात गेलाच नव्हता.

निकाल कोण देतं?

इथे येईपर्यंत मला वाटत होतं की माझ्यावर कायद्याची कारवाई झाली. तशी ती झालीच नव्हती.

अशा यंत्रणांमधली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे यूट्यूबची 'कंटेंट आयडी', २००७ पासूनची. आमचा प्लॅटफॉर्म वेगळा होता, पण जातकुळी तीच. हक्कदार कंपनी आपल्या गाण्यांची मूळ फाइल देऊन ठेवते. यंत्र प्रत्येक गाण्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेतं आणि नवा व्हिडिओ आला की त्याच्याशी जुळवून बघतं. जुळला की 'क्लेम', म्हणजे मालकीचा दावा. मग व्हिडिओ अडवायचा, नुसतं लक्ष ठेवायचं की त्यावरच्या जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवायचे, हे हक्कदाराने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. यंत्राला ठसा कळतो. समीक्षा कळत नाही, वार्तांकन कळत नाही, आजी तर नाहीच नाही.

तुम्ही हरकत घेऊ शकता. ती हरकत आधी जाते ज्याने क्लेम केला त्याच्याचकडे आणि उत्तर द्यायला त्याला ३० दिवस. फिर्यादीच्याच ओसरीवर जाऊन न्याय मागायचा, असा हा मामला. 'स्ट्राइक', म्हणजे चॅनेलच्या नावावर लागणारा हक्कभंगाचा ठपका, ही याहून कडक पायरी. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

मे २०२५ मध्ये हाच विषय बातम्यांत आला होता. यूट्यूबर मोहक मंगल याने आरोप केला की आपल्या व्हिडिओंतल्या काही सेकंदांच्या दृश्यांवरून एएनआय या वृत्तसंस्थेने स्ट्राइक लावले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांच्या परवान्याची बोलणी झाली. आपण आपला कायदेशीर हक्क राखतो आहोत, असं संस्थेचं म्हणणं. पुढे संस्था बदनामीचा दावा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कोण खरं, ते न्यायालय बघेल. मला त्यात दिसली ती स्ट्राइकची ताकद. ज्याची रोजीरोटी चॅनेलवर आहे त्याच्या दृष्टीने तिसरा स्ट्राइक म्हणजे दुकानाला कुलूप आणि कुलपाच्या भीतीपुढे 'रास्त वापर' वगैरे मुद्दे कुणाला सुचतात?

आपल्या कायद्यातली तरतूद याहून सौम्य आहे. तक्रार आली की मजकूर खाली घ्यायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे पुढचं पाऊल टाकायची जबाबदारी तक्रारदारावर. प्लॅटफॉर्मच्या नियमावलीत मात्र ती माझ्यावर आहे. खातं उघडताना मी 'मान्य आहे' वर बोट ठेवलं होतं, वाचलं काहीच नव्हतं. तुम्ही तरी वाचलंत?

यात प्रेक्षक कुठे आला?

आमच्या अभ्यासात डॅलस स्माइद या कॅनडातल्या विचारवंताचं नाव येतं. १९७७ साली त्याने विचारलं की दूरचित्रवाणी नेमकं विकते काय? आपल्याला वाटतं कार्यक्रम. तो म्हणाला, प्रेक्षक. कार्यक्रम म्हणजे माशाला लावलेलं गांडूळ, आणि जाहिरातदाराच्या टोपलीत पडतो तो मासा आपण. (गांडूळ माझं, कल्पना त्याची. वर म्हटल्याप्रमाणे कल्पनेवर कॉपीराइट नाही.)

आता प्रेक्षक मासाही आहे आणि गळही टाकतो आहे. मिरवणुकीतला प्रत्येक उंचावलेला हात एक प्रक्षेपण केंद्र. कॉपीराइटचा कायदा ज्या काळात घडला तेव्हा प्रती काढणं हे छापखानेवाल्यांचं, रेकॉर्ड कंपन्यांचं काम होतं. भांडण असायचं व्यापारी आणि व्यापारी यांच्यात, आणि वाचक-श्रोता कट्ट्यावर बसून बघायचा. आज फोनवर काहीही करा, पाठवा, साठवा, पुढे ढकला, दर वेळी प्रत निघते. व्यापाऱ्यांसाठी विणलेलं जाळं आता आजींच्या पदराला अडकतं.

आणि गंमत म्हणजे कायद्याने प्रेक्षकाला फार मानाची जागाही दिलेली आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांचा खटला निकाली काढला. त्यांचं म्हणणं होतं की १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून उचलला. प्रांताप्रांतांतला दुरावा हा विषय दोन्हीकडे होता. न्यायालयाने सांगितलं की विषय सारखा असून भागत नाही, आणि ताडून बघायची सोपी रीत दिली. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्या माणसाच्या मनावर, दुसरी पहिलीची नक्कल आहे असा स्पष्ट ठसा उमटतो का? आनंद हरले. पण कसोटी उरली आणि ती प्रेक्षकाची आहे. तज्ज्ञाची नाही, यंत्राची तर नाहीच. माझा माहितीपट पाहून "हे त्या गाण्याची नक्कल आहे" किंवा "आता ते गाणं विकत ऐकायची गरज नाही" असं कुणा प्रेक्षकाला वाटलं असतं का? हे विचारायला कुणी प्रेक्षक बसवलाच नव्हता.

मग लिहिणाऱ्याने खायचं काय?

हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मराठीत हजार-पाचशे प्रतींची आवृत्ती काढून प्रकाशक वर्षभर वाट बघतो आणि आपल्या व्हॉट्सॲप गटावर "कुणाकडे पीडीएफ आहे का?" असा प्रश्न दुसऱ्या दिवशी येतो. त्यात पुन्हा 'वाचनसंस्कृती वाढवू या' असं घोषवाक्य. दिवाळी अंकांचंही तेच. हा रास्त वापर नव्हे, अख्खं पुस्तक अख्ख्या गावाला वाटणं आहे, आणि मीही त्या रांगेत हात पुढे करून उभा राहिलो आहे.

पण सगळ्याच झेरॉक्स एका मापाच्या नसतात. २०१२ साली तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. महागड्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणं एकत्र करून तिथे विद्यार्थ्यांना दिली जात. विद्यार्थ्यांची एक संघटना स्वतः पक्षकार म्हणून उभी राहिली. २०१६ साली उच्च न्यायालयाने म्हटलं की कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, ज्ञान वाढावं म्हणून समाजाने केलेली ती योजना आहे, आणि शिकवण्यासाठी घेतलेल्या प्रतींना कायद्यात जागा आहे. दोन्ही ठिकाणी कागद तोच, यंत्र तेच. पीडीएफवाला गट आणि हे दुकान यांतला फरक हेतूचा आणि मापाचा आहे. तो माणसालाच करता येतो.

नाव दिलं की झालं का?

नाही. "सर्व हक्क मूळ मालकाचे, केवळ मनोरंजनासाठी" अशी ओळ खाली टाकणारे बरेच जण समजतात की तो ताईत आहे. नाव देणं आणि परवानगी असणं या दोन गोष्टी आहेत. नाव न देणं हे वाङ्मयचौर्य, परवानगीशिवाय वापरणं हा हक्कभंग. साने गुरुजींचं लेखन आज कुणीही छापावं, पण स्वतःच्या नावावर नाही.

हे आपल्याला नवीन नाही. तुकोबांचे अभंग आपले म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' ही मुद्रा असते, तिच्या जागी आपलं नाव घातलं की झालं. आज उलटा सालोमालो जन्माला आला आहे. स्वतः चार सुविचार लिहायचे आणि खाली नाव घालायचं पु. लं.चं. लोकांनी वाचावं म्हणून स्वतःचं नाव पुसणारा हा चोर कायद्याच्या कुठल्या खणात बसवायचा, यावर आमच्या वर्गात एक अख्खा तास गेला होता. १९५७ च्या कायद्यात ५७ वं कलम आहे. हक्क विकून टाकल्यावरही ही निर्मिती माझी आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून बदनामी होत असेल तर विरोध करण्याचा हक्क ते कलम लेखकाकडे ठेवतं. आपण न लिहिलेलं आपल्या नावावर फिरतं त्याबद्दल ते काही बोलत नाही.

आमच्या हरकतीला नकार आला. तिसऱ्या आठवड्यात दोन ओळींचं उत्तर, बहुधा तेही यंत्राचंच. आम्ही आजींचं वाक्य पडद्यावर अक्षरांत दाखवलं आणि मागे एका ढोलपथकाचा ताल घातला. आता कायदा पाठ झाला होता. ढोल वाजवणारेही कलाकार, त्यांचाही हक्क, म्हणून परवानगीचा कागद घेऊन आम्ही पथकप्रमुखांच्या सरावाच्या मैदानावर गेलो. त्यांनी कागद न वाचता सही केली आणि मग पेन परत न देता पथकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. "हे असंच टाका बरं का," म्हणाले, "मागच्या वर्षी टीव्हीवाल्यांनी आमच्या ढोलावर दुसऱ्याच पथकाचं नाव लावलं होतं."